वाघाचे मायावरण

वाघाचा केशरी रंग आपल्याला भडक वाटतो. पण वाघ ज्यांच्यावर जगतो त्या चितळ, सांबर, नीलगाय आणि रानडुकरांना तो केशरी दिसतच नाही. झाडोऱ्यात बसलेला वाघ त्यांच्या नजरेत झाडोऱ्याच्याच रंगाचा असतो. परिसरात मिसळून जाण्याच्या अशा रंगयोजनेला मायावरण म्हणतात.

माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, खुरी प्राण्यांच्या डोळ्यात दोनच. हरणांमध्ये एक प्रकार निळ्या-जांभळ्या प्रकाशाला जास्त प्रतिसाद देतो, तर दुसरा हिरव्या प्रकाशाला, म्हणजे सुमारे ५४० नॅनोमीटर तरंगलांबीला. लाल आणि हिरवा वेगळा करणारा तिसरा प्रकार नसल्याने केशरी व हिरवा एकाच मळकट पिवळ्या छटेत जमा होतात. रंगांधळ्या प्राण्याला सगळे काळे-पांढरे दिसते हा समज मात्र चुकीचा आहे. निळा रंग हरणांना चांगला कळतो. अमेरिकेत हरणांच्या शिकारीला जाणारे लोक भडक नारिंगी जॅकेट घालतात तेही याच भरवशावर: सोबतच्या शिकाऱ्याला ते लांबून दिसते, हरणाला ते खटकत नाही.

मग वाघ हिरवाच का झाला नाही? सस्तन प्राण्यांच्या केसांना रंग देणारी मेलॅनिन द्रव्ये दोनच: काळे-तपकिरी यूमेलॅनिन आणि पिवळे-तांबूस फिओमेलॅनिन. हिरवे द्रव्य केसांत तयारच होत नाही. पाहणाऱ्याची दृष्टी द्विरंगी, म्हणजे दोनच प्रकारच्या शंकुपेशींची असेल तर तांबूस रंगावरही हिरव्याचे काम भागते.

नुसता रंग मात्र पुरत नाही. काळे उभे पट्टे शरीराची बाह्यरेषा तोडतात. ताडोबाच्या बांबूत किंवा उंच वाळल्या गवतात ऊन-सावलीच्या उभ्या रेघांत वाघ कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे आपल्यालाही पटकन उमगत नाही. हालचाल झाली की मात्र हे सारे फसते. म्हणूनच वाघ दबकत, थबकत पुढे सरकतो.

या मायावरणाला पुरून उरतो तो झाडावरचा वानर. त्याची दृष्टी माणसासारखी त्रिरंगी असते, शिवाय तो उंचावर बसलेला. त्याने खाकरल्यासारखी हाक दिली की खाली त्याने टाकलेला पाला खाणारी चितळे माना वर करतात, शेपट्या उभारतात आणि पुढचा पाय जमिनीवर आपटू लागतात, वाघ अजून त्यांना स्वतःला दिसलेला नसला तरी.