मनगटावरचा दाब आणि ऑपरेशननंतरच्या उलट्या : पार्श्वभूमी

मनगटाच्या आतल्या अंगाचा ‘नेइगुआन’ बिंदू (पी-६) चिनी वैद्यकात मळमळीवर फार पूर्वीपासून वापरला जातो. ऑपरेशन थिएटरमध्ये तो पोचला १९८० च्या दशकात. १९८६ साली बेलफास्टच्या भूलतज्ज्ञांनी स्त्रियांच्या छोट्या शस्त्रक्रियांआधी तिथे सुई टोचली, तेव्हा उलट्यांचे प्रमाण स्पष्टपणे घटले. जहाजाच्या प्रवासात मळमळू नये म्हणून बांधायचा, आतून बटण असलेला लवचिक पट्टा तेव्हा बाजारात होताच. त्यामुळे सुईवरून दाबाकडे वळणे सोपे गेले.

खरा वाद पेटला तो वेळेवरून. भूल दिल्यावर सुई टोचलेल्या सुरुवातीच्या प्रयोगांत काहीच फरक दिसला नाही. १९९१ मध्ये असेही आढळले की बिंदूभोवती स्थानिक भुलीचे इंजेक्शन दिले तर परिणाम नाहीसा होतो. म्हणजे संवेदना मज्जातंतूंवाटे वर पोचायला हवी, आणि पूर्ण भुलीत ते साधत नसावे, असा अर्थ लावला गेला. १९९६ च्या एका आढाव्यात ३३ चाचण्या होत्या. त्यांपैकी भुलीखाली सुई दिलेल्या चारही निष्फळ ठरल्या होत्या. ‘पट्टा भुलीच्या आधीच बांधा’ हा नियम तिथून रूढ झाला. आधार तसा तोकडाच: चार चाचण्या, आणि त्यांत भूल, अफूवर्गीय (मॉर्फीनसारखी) औषधे, टोचण्याची वेळ असे सगळे एकमेकांत मिसळलेले. पुढे २००५ मध्ये प्लास्टिक सर्जरीच्या रुग्णांत मनगटावर विद्युत उत्तेजन देऊन वेळांची थेट तुलना झाली. फक्त ऑपरेशनआधी दिलेल्यापेक्षा नंतर, किंवा आधी आणि नंतरही दिलेले उत्तेजन सरस ठरले. तरीही जुना नियम हटला नाही. तो पाळण्यात तोटा नाही. रुग्ण थिएटरबाहेर येताच पट्टा काढून ठेवणे मात्र चुकीचे, कारण मळमळीचा मुख्य काळ तिथूनच सुरू होतो.

२०१५ च्या मोठ्या आढाव्यात ५९ चाचण्या आणि ७,६६७ रुग्ण आहेत. बनावट उपचाराच्या तुलनेत मळमळीचा धोका सुमारे एक-तृतीयांशाने आणि उलटीचा सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरला. पुराव्याचा दर्जा मात्र कमी. त्यात सुया, पट्टे, विद्युत उत्तेजन सगळे एकत्र मोजलेले असल्याने ते आकडे निव्वळ पट्ट्याच्या नावावर लावू नयेत. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही हा उपाय औषधांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. ज्याला चारही जोखमी लागू आहेत (स्त्री, धूम्रपान न करणारी, पूर्वी ऑपरेशननंतर उलट्या झालेली किंवा गाडी लागणारी, नंतर अफूवर्गीय वेदनाशामक मिळणार) अशा रुग्णात धोका ८० टक्क्यांच्या घरात असतो. तिथे नुसत्या पट्ट्यावर भागत नाही.

जागा चुकते ती बहुधा मोजण्यात. मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटे मोजायची, ती रुग्णाची स्वतःची. परिचारिकेच्या बोटांनी लहान मुलाचे मनगट मोजले तर बटण भलत्याच जागी बसते. बिंदू दोन कंडरांच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) मधल्या खोबणीत असतो. काहींना मधली कंडरा (पाल्मारिस लाँगस) जन्मतःच नसते. अशा वेळी अंगठ्याकडची ठळक कंडरा चाचपून तिच्या करंगळीकडच्या कडेला बटण टेकवावे. पट्टा इतकाच घट्ट असावा की बटणाचा दाब जाणवेल, पण बोटे बधिर किंवा सुजलेली होणार नाहीत. अधूनमधून तो सरकवून त्वचा पाहावी, लाली किंवा फोड दिसल्यास काढावा. डायलिसिसचा फिस्टुला (शस्त्रक्रियेने जोडलेली धमनी आणि शीर), लसिकेची सूज (लिम्फेडेमा) किंवा मनगटाच्या धमनीत नळी असलेल्या हाताला पट्टा बांधू नये. दुसरा हात वापरावा.