मालिका-अभिनय

मालिका-अभिनय : दूरचित्रवाणीच्या दैनंदिन मालिकेत एकच भूमिका महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे करण्याचा व्यवसाय. ठाण्यात हा व्यवसाय आणि नाटक यांचे नाते विशेष जवळचे आहे.

व्यवसायाचा आरंभ कोठून धरावा, याबद्दल एकमत नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. रंगभूमीवरचे नट तेथे नाट्यप्रवेश करू लागले, तोच आरंभ असे एक मत आहे. परंतु ते काम अधूनमधूनचे असे. बँकेतली किंवा कचेरीतली नोकरी सांभाळून नट ते करीत. मराठीतील पहिली दैनंदिन मालिका म्हणून सामान्यतः दूरदर्शनवरील ‘दामिनी’चा (प्रमुख भूमिका प्रतीक्षा लोणकर) उल्लेख होतो, तर खाजगी वाहिन्यांच्या संदर्भात १९९९ मध्ये सुरू झालेल्या अल्फा टीव्ही मराठीवरील (आताची झी मराठी) ‘आभाळमाया’चा. पहिलेपणाचा मान कोणाकडेही जावो. रोजचे प्रक्षेपण आले तेव्हाच नटाला रोजचे काम मिळाले. म्हणून १९९० च्या दशकाची अखेर हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

तंत्रदृष्ट्या हा अभिनय नाटकाहून फार वेगळा आहे. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता सुमारे वीस-बावीस मिनिटांचे कथानक असते. आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे, तर जवळजवळ दिवसाला एक भाग चित्रित व्हावा लागतो. नाटकाची तालीम महिनाभर चालते. येथे संवादांची पाने पुष्कळदा त्याच सकाळी हाती पडतात. स्वयंपाकघरातले सगळे प्रसंग एकत्र उरकले जातात, त्यामुळे पुढच्या आठवड्यातले रडणे आधी आणि त्याला कारण झालेले भांडण नंतर, असा उलटा क्रम नित्याचा. निरांजनाचे तबक उजव्या हातात होते की डाव्या, हे सहायक दिग्दर्शक मोबाइलमधला फोटो पाहून सांगतो. राग किती गिळला होता, हे मात्र नटालाच आठवावे लागते. समोरचा कलावंत प्रयोगासाठी निघून गेला असेल, तर कॅमेऱ्याशेजारी धरलेल्या मुठीकडे पाहून ‘रिॲक्शन’ द्यावी लागते. हे कौशल्य प्रेक्षकाला दिसत नाही, म्हणून त्याची दखल कमी घेतली जाते.

ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरचे बंगले व स्टुडिओ ही मराठी मालिकांची परिचित चित्रीकरणस्थळे. मासुंदा तलावाकाठचे गडकरी रंगायतन (१९७८) त्याच शहरात असले, तरी मधल्या वाहतूक कोंडीमुळे रात्रीच्या प्रयोगासाठी दुपारीच सुटका करून घ्यावी लागते. तारखा ठरतानाच नट ही अट घालून ठेवतो. नवी मुंबईत प्रयोगांसाठी वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह आहे.

या कामामागे पैसा असतो, हे लपवण्याचे कारण नाही. नाटकाची ‘नाइट’, म्हणजे एका प्रयोगाचे मानधन, प्रयोग लागला तरच मिळते. मालिकेचा ‘पर डे’, म्हणजे दिवसाचे मानधन, उशिरा हाती आला तरी घराचे हप्ते त्यावर भागतात. तेवढेच मात्र नसते. एकांकिका स्पर्धांतून आलेल्या मुलामुलींना रोज कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची ओढ असते, आणि बाजारात भाजीवालीने ‘सुनेला इतकं छळू नका हो’ म्हणून दटावले, तर खाष्ट सासू करणारी नटी ती दाद जपून ठेवते.

नाटक बंद होताना शेवटचा प्रयोग जाहीर होतो. मालिकेत पात्राचा ट्रॅक (कथाभाग) संपला की ‘पुढच्या आठवड्यात तारखा नाहीत’ एवढेच फोनवर कळते.