शवलेपनासाठीची पॅथॉलॉजी

मृतदेह टिकवणं, धुऊन-सावरून ठेवणं, पेटीत घालणं, लांब पाठवणं, या कामातल्या माणसाला रोगांचा जो अभ्यास लागतो तो हा विषय. अमेरिकेत याची रीतसर डिग्री असते, मॉर्च्युअरी सायन्स नावाची. सिनसिनाटीचं कॉलेज १८८२ पासून चालू आहे, आणि अमेरिकेतल्या नॅशनल बोर्डाच्या परीक्षेत आर्ट्स आणि सायन्सेस असे दोन भाग असतात, त्यातल्या दुसऱ्यात पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री, एम्बाल्मिंग (म्हणजे शवलेपन, रसायनं भरून देह टिकवणं) हे सगळं येतं. मुंबईत हेच ज्ञान ॲनाटॉमी, फॉरेन्सिक आणि पॅथॉलॉजी अशा तीन डिपार्टमेंटांत विखुरलेलं आहे. कारण उघड आहे, आपल्यात माणूस सकाळी गेला तर संध्याकाळच्या आत चंदनवाडी नाहीतर शिवाजी पार्कचं स्मशान, टिकवायचं कशासाठी? गरज पडते ती मुलगा आखातात असलेल्या ख्रिश्चन घरांना, विमानाने बॉडी पाठवायची असेल तेव्हा, आणि अर्थात मेडिकल कॉलेजच्या डिसेक्शन हॉलला, जिथे विद्यार्थी देह चिरून शिकतात.

शब्दाचाही घोळ आहे. मराठी विश्वकोश विकृतिविज्ञान म्हणतो, पण मुंबईत पॅथॉलॉजी म्हटलं की रक्त-लघवीचा रिपोर्ट मिळतो ते दुकान डोळ्यासमोर येतं. इथे अभिप्रेत आहे ती मुख्यतः ग्रॉस पॅथॉलॉजी, म्हणजे मायक्रोस्कोपशिवाय नुसती डोळ्याला दिसणारी नि हाताला लागणारी विकृती.

उगम

देह राखून ठेवायची आपल्याकडची सर्वांत ओळखीची गोष्ट दशरथाची. भरत आजोळी होता, तो येईपर्यंत राजाला तेलाच्या द्रोणीत ठेवलं. कारण तेच, मुलगा पोचायचाय. ही कथा झाली, पुरावा नव्हे, पण निदान कल्पना तरी होती एवढं त्यावरून म्हणता येतं.

सुश्रुताचं प्रकरण जास्त मोलाचं आहे आणि ते बऱ्याचदा चुकीचं सांगितलं जातं. शारीरस्थानात सांगितलंय की प्रेत मुंज, कुश, ताग असल्या कशात तरी गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या पाण्यात आडोशाला बांधून ठेवायचं, आणि सात रात्रींनंतर वाळ्याच्या वगैरे कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर बघायचा. हे शवलेपन नाही, उलट मुद्दाम कुजवणं आहे, त्यामुळे याला एम्बाल्मिंगचा आरंभ म्हणणाऱ्यांशी सहमत होणं कठीण आहे. खरी बारकी गोष्ट वेगळीच आहे. प्रेत कुठलं घ्यायचं याच्या अटी तिथे आहेत: सगळे अवयव शाबूत, विषाने मेलेला नको, दीर्घ आजाराने झिजलेला नको, शंभरीचा नको. म्हणजे रोगाने देह बदलतो, आणि तो बदल जमेला धरूनच देह निवडायचा, हे त्या वेळी पक्कं माहीत होतं. आजही ॲनाटॉमी डिपार्टमेंट देहदान घेताना पोस्टमॉर्टेम झालेली किंवा संसर्गाची बॉडी साधारणपणे नाकारतं, ते याच जातीचं आहे. ग्रंथाचा काळ मात्र अभ्यासक इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकापासून सनानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या शतकापर्यंत कुठेही नेतात, आणि आजचा पाठ अनेक हातांतून गेलेला आहे असं मानणं जास्त सावध.

देह टिकवायला धमनीतून द्रव सोडायच्या पद्धतीचं श्रेय कुणाला यावरही वाद आहे. डच शरीरशास्त्रज्ञ रुइश (१६३८–१७३१) याने आधी करून दाखवलं, त्याचा संग्रह रशियाच्या पीटर बादशहाने १७१७ ला विकत घेतला, पण त्याने कृती गुपित ठेवली. स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर (१७१८–१७८३) याने कृती शिकवली. पुढे परंपरा चालली ती हंटरकडून, म्हणून पुस्तकं बहुधा त्याच्याकडे झुकतात आणि ते रास्त वाटतं. नंतर अमेरिकन यादवीत सैनिकांची प्रेतं घरी पाठवायला आर्सेनिकवर धंदा चालला. फॉर्माल्डिहाइड रशियन रसायनशास्त्रज्ञ बुटलेरोव्हच्या हाती १८५९ ला लागलं पण त्याला ते नीट ओळखता आलं नाही, ओळख पटवली जर्मन रसायनशास्त्रज्ञ हॉफमनने १८६७ च्या सुमारास. जंतुनाशक म्हणून ते तपासताना जर्मन डॉक्टर ब्लुमच्या बोटांची कातडी कडक झाली, त्यावरून १८९३ ला ऊतक टिकवायचा उपयोग समोर आला. सगळा आधुनिक धंदा त्या कडक बोटांवर उभा आहे.

रोग आणि द्रव

फॉर्मालिन, म्हणजे फॉर्माल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण, सगळ्या देहांवर सारखं वागत नाही, आणि हा अभ्यास करायचा तो यासाठीच. डॉक्टर पॅथॉलॉजी शिकतो ती रोग ओळखायला, इथे रोग संपलेला असतो, त्याने मागे काय ठेवलंय तेवढं बघायचं.

कावीळ हे नेहमीचं उदाहरण. कातडीत साठलेलं बिलिरुबिन हे पित्तातलं रंगद्रव्य पिवळं असतं, त्यावर कडक फॉर्मालिन गेलं की त्याचं बिलिव्हर्डिन होतं, म्हणजे हिरवं. नवशिक्या माणूस पिवळा चेहरा बघून जोर वाढवतो आणि तासाभरात चेहरा शेवाळी व्हायला लागतो, मग नातेवाईकांना काय सांगणार? म्हणून आधी भरपूर पातळ द्रवाने रक्त धुऊन काढतात, फॉर्माल्डिहाइड कमीत कमी ठेवतात, चेहऱ्याला वेगळा हिशोब करतात. मुंबईत पावसाळ्यात हे जास्त दिसू शकतं, कारण साचलेल्या पाण्यातून येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा जोरदार प्रकार काविळीचाच असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, त्यानंतर लेप्टोची मोठी लाट आली होती.

किडनी फेल झालेला देह फसवा. वरून विशेष काही दिसत नाही, पण ऊतकांत साठलेल्या युरियापासून अमोनिया सुटतो आणि तो फॉर्माल्डिहाइड खाऊन टाकतो, दोघांचं मिळून हेक्झामाइन होतं आणि टिकवायला काही उरत नाही. साधारण मोठ्या माणसाला ८-१० लिटर द्रव लागतो, इथे जास्त आणि जहाल लागतो. हार्ट किंवा लिव्हर फेल होऊन अंगात पाणी भरलं असेल तर तेच पाणी द्रव पातळ करतं. पायावर अंगठा दाबून खड्डा राहतो का बघायचं, इतकी साधी तपासणी.

मग धमन्या. जांघेतली फिमोरल आर्टरी उघडून कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, घालतात, पण म्हाताऱ्या माणसात ती चुन्याच्या नळीसारखी कडक आणि आतून बुजलेली निघते. बोटाखाली ती करकरते. अशा वेळी मानेतली कॅरोटिड घ्यावी लागते. डायबेटिसवाल्याच्या पावलापर्यंत द्रव पोचतच नाही, तिथे सुईने वेगळं भरायचं. आणि पोटातली ॲन्युरिझम (धमनीचा फुगा) फुटून गेलेला असेल तर सोडाल तेवढा द्रव पोटात साचतो, बाटली रिकामी होत राहते आणि हातपाय मऊचे मऊ. डिसेक्शन हॉलमधले जुने मामा लोक, म्हणजे तिथले कामगार, हे नुसत्या बाटलीच्या वेगावरून ओळखतात, त्यांना ॲन्युरिझम शब्द माहीत असो नसो.

हे सगळं आधी कळावं म्हणून मृत्यूच्या कारणाचा दाखला, म्हणजे फॉर्म ४, नीट लिहिलेला हवा. तिथे रोग लिहायचा असतो, शेवट कसा झाला ते नाही. तरी 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' एवढंच लिहिलेला कागद हातात आला की काहीच कळत नाही, हृदय आणि श्वास तर सगळ्यांचेच थांबतात.

संसर्ग

टीबीचा धोका मेल्यावर संपत नाही, देह हलवताना छातीतली हवा तोंडाने बाहेर येते. प्रेतापासून एम्बाल्मरला टीबी झाल्याचं एक प्रकरण अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालं. नाकातोंडावर ओला कपडा टाकायची जुनी सवय म्हणून बरोबरच. हिपॅटायटिस बीची लस ०, १, ६ महिने अशी घ्यायची, आणि सुई टोचली तर एचआयव्हीची औषधं ७२ तासांच्या आत. प्रायॉनचे, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारे मेंदूचे रोग वेगळेच, फॉर्मालिन त्या प्रायॉनना मारत नाही. कोविडमध्ये १५ मार्च २०२० च्या केंद्राच्या सूचनांनी एम्बाल्मिंगलाच मनाई केली होती. १८९६ च्या प्लेगात मुंबईत प्रेत तपासायला येणाऱ्यांमुळे लोक बिथरले आणि मरण लपवायला लागले, हा इतिहासही या विषयाच्या कडेला आहेच. खुद्द फॉर्माल्डिहाइड २००४ पासून कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांत आहे.

पोलीस केस

पोलीस केस असलेल्या देहात पोस्टमॉर्टेमआधी द्रव भरायचा नाही. फॉर्मालिनने सायनाइड, अल्कोहोल यांची तपासणी बिघडते. म्हणूनच केमिकल ॲनालिसिसला जाणारा व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवतात आणि हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघायचा तुकडा १० टक्के फॉर्मालिनमध्ये, बरण्या उलट झाल्या की दोन्ही फुकट. मुंबईत पूर्वी संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर असायचा, ते पद १९९९ ला गेलं, आता पोलीसच चौकशी करतात. उकाड्यामुळे घाई असते: उन्हाळ्यात साधारण १२ ते १८ तासांत पोटाच्या उजव्या बाजूला खाली हिरवा डाग येतो. हा काविळीचा हिरवा नाही, सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवात, तिथे कातडीजवळ असतो म्हणून सडण्याची पहिली खूण तिथे उमटते.

शिक्षण

एमबीबीएस करून फॉरेन्सिक, पॅथॉलॉजी किंवा ॲनाटॉमीत एमडी ही सरळ वाट. बेवारस देह कॉलेजांना मिळतात ते १९४९ च्या ॲनाटॉमी कायद्याने. डॉक्टर न होता यायचं तर डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) किंवा फॉरेन्सिक सायन्सची बीएस्सी, बाकी हात कुणाच्या तरी हाताखालीच बसतो. ग्रँट मेडिकल (१८४५) किंवा केईएम-जीएस (१९२६) अशा जुन्या कॉलेजांत पॅथॉलॉजीच्या बरण्या बघायला मिळाल्या तर बघाव्यात, फक्त साध्या फॉर्मालिनमध्ये मूळ रंग जातो, त्यामुळे बरणीतलं लिव्हर पाहून टेबलावरचं ओळखू येईलच असं नाही.