साहित्य आढावा (समाजकार्य संशोधन)

एखाद्या संशोधन प्रश्नावर आजवर झालेले अभ्यास शोधणे, त्यांतील पुरावा पारखणे आणि त्या सगळ्यांतून मिळून काय कळते हे मांडणे म्हणजे साहित्य आढावा. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात संशोधन पद्धती या विषयासाठी विद्यार्थी तो स्वतंत्रपणे लिहितात. लघुप्रबंधात तो बहुधा प्रस्तावनेनंतरचे प्रकरण असतो. संशोधन प्रश्न का विचारला, गृहीतक कुठून आले, कोणते चल (म्हणजे मोजायचे बदलते घटक) निवडले आणि माहिती गोळा करण्याची साधने कशी ठरवली, या सर्वांचा आधार आढाव्यात दिसावा लागतो.

समाजकार्यात आढाव्याला वेगळे वजन आहे, कारण त्यातील निष्कर्षावरून माणसांना कोणती सेवा द्यायची हे ठरते. किशोरवयीन मुलांना तुरुंगात नेऊन, कैद्यांकडून तिथल्या आयुष्याची भीती घालून गुन्ह्यापासून परावृत्त करण्याचे कार्यक्रम अमेरिकेत १९७० च्या दशकात पसरले. १९७८ मधील एका माहितीपटाने त्यांना अफाट प्रसिद्धी मिळवून दिली. कल्पना पटण्यासारखी होती आणि ती स्वस्तही होती. पुढे अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी अशा कार्यक्रमांच्या ९ प्रयोगांचा पद्धतशीर आढावा (म्हणजे निवडीचे निकष आधी ठरवून घेतलेला आढावा) घेतला. मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक किंवा त्याच्या जवळपासच्या रीतीने केलेले अभ्यासच त्यांनी निवडले होते. कार्यक्रमात गेलेल्या मुलांकडून पुढे गुन्हे घडण्याचे प्रमाण न गेलेल्या मुलांपेक्षा जास्त असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे काहीच न करणे त्या मुलांसाठी अधिक हिताचे ठरले असते. सुटे अभ्यास आधीपासून उपलब्ध होते. ते एकत्र ठेवून वाचल्यावर हानी स्पष्ट दिसली.

खुद्द व्यवसायालाही एका आढाव्याने हादरा दिला आहे. जोएल फिशर यांनी १९७३ मध्ये व्यक्तिसहाय्य कार्याच्या (एकेका व्यक्तीला किंवा कुटुंबाला दिलेल्या मदतीच्या) परिणामकारकतेवरील, नियंत्रण गट (तुलनेसाठी ती मदत न दिलेला गट) असलेले ११ अभ्यास तपासले आणि या कार्याचा उपयोग होतो असा पुरावा त्यांत नाही, असे लिहिले. मोठा वाद झाला. १९८२ मध्ये विल्यम रीड आणि पॅट्रिशिया हॅनरहन यांनी नंतरच्या काळातील प्रयोग तपासले, तेव्हा चित्र बरेच आशादायक होते. हे दोन आढावे एकापुढे एक मांडून ‘एकाने नाही म्हटले, दुसऱ्याने हो म्हटले’ एवढेच लिहिणारा विद्यार्थी मुद्दा हातचा घालवतो. नंतरच्या अभ्यासांतील मदत अधिक नेमकी आणि आखीव होती. समस्या ठरवून घेतलेली, कौशल्ये किंवा ठरावीक कृती शिकवणारी अशी ती होती. आधीच्या अभ्यासांत मदतीचे स्वरूपच पुष्कळदा धूसर होते. निष्कर्षांतला फरक कशामुळे पडला असावा हे सांगणे म्हणजे संश्लेषण, आणि साहित्य आढाव्याचा प्राण त्यातच आहे.

वर्गात लिहिलेल्या आढाव्यांतला सर्वांत नेहमीचा दोषही इथेच असतो. प्रत्येक परिच्छेद एका संशोधकाच्या नावाने सुरू होतो, त्याचा नमुना आणि निष्कर्ष सांगून संपतो आणि पुढच्या परिच्छेदात दुसरे नाव येते. ही टिपणांची यादी झाली. परिच्छेदाची सुरुवात मुद्द्याने व्हावी आणि त्या मुद्द्याला दुजोरा देणारे, मर्यादा घालणारे किंवा विरोध करणारे अभ्यास त्याच परिच्छेदात भेटावेत. यासाठी लिहिण्याआधी तक्ता करणे फार उपयोगी पडते. आडव्या ओळींत अभ्यास, उभ्या रकान्यांत सिद्धान्त, पद्धती, नमुना, निष्कर्ष आणि मर्यादा भराव्यात. तक्ता भरला की रकान्यातून खाली वाचत जावे. आढाव्याचे उपविभाग तिथेच सापडतात. रिकामे राहिलेले चौकोनही पाहावेत. पद्धतींच्या रकान्यात सर्वत्र सर्वेक्षणच असेल आणि सेवा घेणाऱ्यांचे स्वतःचे म्हणणे कुठेच नसेल, तर संशोधनातली ती खरी उणीव आहे. ‘या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही’ हे वाक्य मात्र नीट शोध घेतल्याशिवाय लिहू नये.

शोधाची सुरुवात प्रश्न आवळण्यापासून होते. ‘अनाथ मुलांच्या समस्या’ हा विषय झाला. ‘बालसंगोपन संस्थेतून १८ व्या वर्षी बाहेर पडलेल्या तरुणांना निवारा टिकवण्यात कोणत्या आधाराची मदत होते’ हा प्रश्न झाला. त्यानंतर शोधशब्द येतात आणि ते देशागणिक बदलतात. याच प्रश्नावरचे ब्रिटिश लेखन ‘केअर लीव्हर्स’ या शब्दांनी सापडते, तर अमेरिकेतील बरेचसे ‘एजिंग आउट’ आणि ‘फॉस्टर केअर’ यांखाली असते. एकाच शब्दाने शोधणाऱ्याच्या हाती अर्धेच साहित्य लागते. समानार्थी शब्द ‘ऑर’ने आणि वेगवेगळ्या संकल्पना ‘अँड’ने जोडाव्यात. सोशल वर्क ॲब्स्ट्रॅक्ट्स, सोशल सर्व्हिसेस ॲब्स्ट्रॅक्ट्स आणि सायकइन्फो हे डेटाबेस या क्षेत्रात वापरले जातात. गूगल स्कॉलर सोयीचे असले, तरी एकट्या त्यावर विसंबू नये. चांगला लेख मिळाला की त्याच्या संदर्भसूचीतून मागे जावे आणि त्याचा उल्लेख करणाऱ्या नव्या लेखांतून पुढे. कुठे, कधी, कोणत्या शब्दांनी शोधले आणि काय वगळले याची नोंद त्याच वेळी ठेवावी.

मिळालेला लेख मुळातून वाचायला हवा. केवळ सारांशावरून दिलेला संदर्भ धोक्याचा असतो, कारण नमुना किती लहान होता, किती जण मध्येच गळाले, मोजमाप कोणी केले हे आतच कळते. कार्यक्रम तयार करणाऱ्यांनीच त्याचे मूल्यमापन केले असेल, तर तेही नोंदवावे. वर्तनसमस्या असलेल्या किशोरांसाठी कुटुंबासह काम करणाऱ्या ‘मल्टिसिस्टेमिक थेरपी’ या उपचारपद्धतीबद्दल अनेक आढाव्यांत अनुकूल मत होते. ज्युलिया लिटेल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये कडक निकषांनी पुरावा तपासला, तेव्हा नेहमीच्या सेवांपेक्षा ती सातत्याने सरस असल्याचे दिसले नाही. छापून आलेल्या लेखांतही एक झुकाव असतो. परिणाम न दिसलेले अभ्यास पुष्कळदा प्रसिद्धच होत नाहीत. रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९७९ मध्ये या अडचणीला ‘फाइल ड्रॉवर’ (असे अभ्यास खणातच पडून राहतात म्हणून) हे नाव दिले. म्हणून स्वयंसेवी संस्थांचे अहवाल, शासकीय मूल्यमापने आणि अप्रकाशित प्रबंधही पाहावेत, अर्थात त्यांची पारख तितकीच काटेकोर ठेवून.

गुणात्मक अभ्यासांना दुय्यम मानण्याची सवय समाजकार्यात विशेष नुकसान करते. सेवा उपयोगी पडली का हे प्रयोग सांगतो. ती मध्येच का सोडली, तिथे कसली लाज वाटली, कोणाच्या एका वाक्याने धीर आला, हे मुलाखतींतून कळते. २०१४ मध्ये स्वीकारलेल्या समाजकार्याच्या जागतिक व्याख्येत सामाजिक शास्त्रांच्या बरोबरीने मूलनिवासी, स्थानिक ज्ञानालाही स्थान आहे. आढाव्यातील जवळपास सगळे अभ्यास मोजक्या श्रीमंत देशांतले असतील, तर तसे स्पष्ट लिहावे.

आढाव्याचे प्रकार अनेक आहेत. अभ्यासक्रमात बहुतेकदा वर्णनात्मक आढावा अपेक्षित असतो. पद्धतशीर आढाव्यात निवडीचे निकष आधीच जाहीर करतात. अशा आढाव्यांसाठी सामाजिक क्षेत्रात २००० पासून कॅम्पबेल कोलॅबोरेशन काम करते, आणि अहवालात काय काय नोंदवावे हे ‘प्रिझ्मा’ निर्देशांत (२००९, सुधारित २०२०) दिलेले आहे. व्याप्ती आढावा क्षेत्राचा नकाशा काढतो. मेटा-विश्लेषणात अनेक अभ्यासांचे आकडे सांख्यिकी पद्धतीने एकत्र करतात; हा शब्द जीन ग्लास यांनी १९७६ मध्ये रूढ केला.

संदर्भ देण्यासाठी समाजकार्यात बहुधा एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) शैली वापरतात. दुसऱ्याचे वाक्य चार शब्द बदलून उतरवणे हेही वाङ्मयचौर्यच ठरते. लेख मिटून आपल्या शब्दांत लिहावे आणि मग मुळाशी ताडून पाहावे. क्षेत्रातील माहिती गोळा करून झाल्यावर आढावा पुन्हा उघडावा लागतो: मधल्या काळात नवे अभ्यास आलेले असतात, एखादा जुना लेख मागे घेतलेला असतो, आणि मुलाखतींत असे काही समोर आलेले असते की ज्यासाठी नव्याने वाचावे लागते.