ऑनलाइन डिग्रीचा फॉर्म भरायच्या आधी आधार आणि एसएसएलसीचं (दहावीचं) मार्क्सकार्ड शेजारी शेजारी ठेवून बघा

बेळगावात उद्यमबागच्या कारखान्यात शिफ्ट करत किंवा निपाणीत दुकान सांभाळत ऑनलाइन बीकॉम, एमबीए करता येतं, आणि युजीसीची मान्यता असेल तर ती डिग्री रेग्युलरइतकीच धरतात, हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. तरी फॉर्म परत येतात. मार्कांमुळं नाही हो, नावामुळं.

2024 पासून ऑनलाइन असो की डिस्टन्स, अ‍ॅडमिशनला डीईबी आयडी, म्हणजे युजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोचा नंबर, लागतो. त्याच्या आधी एबीसी आयडी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा नंबर), तो निघतो सरकारच्या डिजिलॉकर अ‍ॅपवरनं, आणि डिजिलॉकरला पाहिजे आधारला जोडलेला चालू मोबाईल नंबर. म्हणजे सगळी साखळी आधारवरच्या नावानं चालते आणि मार्क्सकार्डवर बघावं तर आडनाव पुढं, वडलांच्या नावाचं नुसतं एक अक्षर, लक्ष्मणचा लक्ष्मणा झालेला, कांबळेच्या स्पेलिंगमध्ये एक ए जास्त. आपल्याला कळतं हा एकच माणूस आहे. कॉम्प्युटरला कळत नाही, आणि पलीकडं बसलेल्या साहेबालाही कळून घ्यायचं नसतं.

सगळ्यात जास्त अडकतात लग्न झालेल्या बायका. मार्क्सकार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि काही घरांत तर पहिलं नावसुद्धा बदललेलं. सुरेखाची वैष्णवी झाली, पण कागद एकही नाही. लग्नाची पत्रिका चालत नाही बरं का! विवाह नोंदणीचं सरकारी सर्टिफिकेट लागतं, आणि पहिलं नावच बदललं असेल तर युनिव्हर्सिटी नाव बदलल्याचं गॅझेट (सरकारी राजपत्र) मागू शकते. लग्न महाराष्ट्रात चंदगड-कोल्हापूरकडं लागलं असेल तर नोंदणीसाठी तिकडच्या ऑफिसात जावं लागू शकतं, मग एसटीच्या खेपा घाला. म्हणून हे काम अ‍ॅडमिशन सुरू व्हायच्या दोन-तीन महिने आधी काढा.

दुरुस्ती शक्यतो आधारमध्येच करा, मार्क्सकार्डाप्रमाणे. बोर्डाकडनं मार्क्सकार्ड बदलून घेणं म्हणजे चपला झिजवणं. पण आधारवर नाव साधारण दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा सेंटरवाल्यानं टाइप केलेलं प्रत्येक अक्षर स्वतः वाचा, मगच ओके म्हणा.

पीजी करणाऱ्यांचं आणखी एक. आपल्याकडं राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 ला झालं, त्याच्या आधी बेळगावात डिग्री केली असेल तर ती धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची, मायग्रेशन, म्हणजे एका विद्यापीठातनं दुसरीकडं जायचा दाखला, तिथनंच आणायचं. कॉलेजच्या टीसीला मायग्रेशन समजून अपलोड करणारे दर वर्षी भेटतात.

शेवटची तारीख. सत्रं दोन, जुलैचं आणि जानेवारीचं. तारीख वाढते हे खरं, पण वाढेल म्हणून बसू नका. लोक समजतात त्या दिवशी नुसतं रजिस्ट्रेशन केलं की झालं, तसं नाही, फी आणि कागद सगळं त्याच्या आत पाहिजे. प्रमोशनसाठी करत असाल तर तिथं रिझल्टची तारीख बघतात, परीक्षा दिलेली धरत नाहीत. सरकारी नोकरीत असाल तर आधी खात्याची परवानगी घ्या, नंतर मागितली की सर्व्हिस बुकात नोंद करायला कुरकुर करतात.

आणि दारावरच्या पाटीला भुलू नका. राज्याच्या मुक्त विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अभ्यासकेंद्र चालवता येत नाही. त्यामुळं नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं सेंटर म्हणून बेळगावात कुणी पैसे मागितले तर उठून या. मराठीतनं शिकायची हौस मलाही कळते, पण नियम तो नियम. पूर्ण ऑनलाइन कोर्सला ही हद्द नाही. एलएलबी, नर्सिंग, इंजिनिअरिंग ऑनलाइन मिळतं म्हणणारा सरळ खोटं बोलतोय.

बाकी फोटो, सही, पीयुसीचं (बारावीचं) मार्क्सकार्ड, जातीचा दाखला असेल तर तो, हे स्कॅन करायचं, त्यात काही अवघड नाही. युनिव्हर्सिटी आणि तुमचा कोर्स दोन्ही त्या सत्राच्या युजीसी डीईबीच्या यादीत आहेत का ते बघा, गेल्या वर्षीची यादी चालत नाही. फी युनिव्हर्सिटीच्याच खात्यात भरा, एजंटच्या फोनपेवर नको. खानापूरच्या जंगलात कणकुंबी-जांबोटीकडचे असाल तर परीक्षा घरनं कॅमेऱ्यावर आहे की सेंटरवर ते आधीच विचारून घ्या, तिकडं पावसाळ्यात नेटवर्क किती टिकतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.