अक्युपंक्चर आणि ड्राय नीडलिंग: सुई तीच, हिशेब वेगळा

मान धरली म्हणून फिजिओकडे गेलेला माणूस घरी येऊन सांगतो, "अक्युपंक्चर करून आलो." नाही हो, तुम्ही ड्राय नीडलिंग करून आलात. क्लिनिकच्या पाटीवरच दोन्ही नावं एका ओळीत रंगवलेली असतात, मग लोकांना तरी काय बोलायचं! (अक्युप्रेशर तिसरंच. त्यात सुई नाही, बोटांचा दाब. तो विषय इथेच संपला.)

अक्युपंक्चर ऐकून सगळ्यांना ठाऊक आहे. चिनी पद्धत, शरीरभर मेरिडियन नावाच्या वाहिन्या, त्यांवर ३६१ बिंदू, त्यांत बारीक सुया. ड्राय नीडलिंगची सुईही हीच: बारीक, भरीव, आत औषध नाही. पैसे किती, सुया किती, हे फरक किरकोळ.

लोक गडबडतात ते एकाच ठिकाणी. सुई कुठे टोचायची, हे अक्युपंक्चरमध्ये नकाशा ठरवतो आणि ड्राय नीडलिंगमध्ये बोट.

मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधली जागा घ्या. तिथे पित्ताशय वाहिनीचा २१ वा बिंदू आहे, जियानजिंग. दिवसभर लॅपटॉपवर वाकणाऱ्यांच्या ट्रॅपेझियस स्नायूत गाठ येते तीही तिथेच. बघणाऱ्याला वाटतं, दोघांनी एकच केलं. पण अक्युपंक्चरवाले आधी झोप, पचन विचारतात, जीभ बघतात, नाडी बघतात आणि मान दुखत असली तरी पायावरसुद्धा सुई लावतात, कारण त्यांच्या हिशेबात ही वाहिनी पायाच्या चौथ्या बोटापर्यंत जाते. मग वीस-तीस मिनिटं पडून राहायचं. फिजिओ जीभबीभ बघत नाही. ती स्नायू चिमटीत उचलते, त्यातला ताठरलेला पट्टा चाचपते, आणि दाबल्यावर कळ थेट कानशिलात गेली की तिथे सुई घालते. सुई जरा आत-बाहेर केली की स्नायू आपोआप फडकतो. मिनिटभराचं काम, पण दुसऱ्या दिवशी मुका मार लागल्यासारखं ठणकतं.

"आमचंच चोरलंय," असं अक्युपंक्चरवाले म्हणतात. थोडं तथ्य आहे. दुखेल तिथेच टोचायचे 'आशी' बिंदू सातव्या शतकातल्या सुन सिमियाओपासून त्यांच्याकडे आहेत. पण ट्रिगर पॉइंटची, म्हणजे स्नायूतल्या त्या दुखऱ्या गाठीची, मांडणी आली ती केनेडींच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांच्या इंजेक्शनांतून. औषध न घालता नुसत्या सुईनेही दुखणं उतरतं, हे कारेल लेविट या चेक डॉक्टरांनी १९७९ मध्ये मांडलं.

मला सगळ्यात खटकतं ते "ड्राय नीडलिंग म्हणजे सायंटिफिक अक्युपंक्चर" हे वाक्य. २००७ मध्ये जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बरोबर बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना फरक पडला, मुद्दाम चुकीच्या जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्क्यांना. नकाशाची बाजू लंगडी पडली, हे खरं. पण सुईचा गुण किती आणि भरवशाचा किती, हा प्रश्न ड्राय नीडलिंगलाही तितकाच लागू आहे. ट्रिगर पॉइंट नेमका असतो काय, यावर डॉक्टरांचंच अजून एकमत नाही.

माझं म्हणाल तर अडकलेल्या मानेला ड्राय नीडलिंग, तेही व्यायामाच्या जोडीनेच. वारंवार येणाऱ्या मायग्रेनला अक्युपंक्चर. तिथे पुरावा बरा आहे. झोप, पित्त, 'ओव्हरऑल वेलनेस' यांसाठी कोणी ड्राय नीडलिंगचं पॅकेज गळ्यात मारत असेल, तर उठून या. ते स्नायूपुरतंच आहे.

महाराष्ट्रात अक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा नोंदणी विचारायला लाजू नका. आणि हो, ही विद्या भारतात सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी आणली, हेही पसरवू नका. ते १९४२ मध्ये चीनमध्येच वारले. आणली ती चीनला गेलेल्या त्यांच्याच वैद्यकीय पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी, पुढे कोलकात्यात.

एक धोका मात्र दोन्हीकडे सारखा: खांद्याच्या त्या जागेखाली फुप्फुसाचं टोक असतं. सुया घेतल्यावर धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत दुखलं, तर सुई टोचणाऱ्याला फोन करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.