ग्रंथालयांचा दंड: आला कसा, गेला कसा

२०१७ च्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयात एक कथासंग्रह परत आला. तो नेला होता १९१७ मध्ये. नेणाऱ्या बाई परतीच्या तारखेच्या आठवडाभर आधीच वारल्या आणि पुस्तक घरातल्या ट्रंकेत पडून राहिलं. पणतूला ते १९९६ मध्ये सापडलं. मुदत कधीच टळून गेलीय हे कळत असूनही त्याने ते आणखी वीस वर्षं घरीच ठेवलं. ग्रंथालयाने सहा आठवड्यांची दंडमाफी जाहीर केली, तेव्हा कुठे तो ते घेऊन आला. संग्रहाचं नाव ‘फॉर्टी मिनिट्स लेट’, म्हणजे चाळीस मिनिटं उशीर!

दंडाची गंमत या पुस्तकात सगळी आली. पुस्तक परत यावं म्हणून दंड ठेवायचा, आणि त्याच दंडापायी लोकांनी पुस्तक दडवून ठेवायचं.

मुळात ही प्रथा एकोणिसाव्या शतकातली. त्याआधीची वाचनालयं बहुतांशी वर्गणीदारांची. ऐपत नसलेला माणूस तिथे फिरकतच नसे. ब्रिटनमध्ये १८५० मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, १८५४ मध्ये बोस्टनचं ग्रंथालय सर्वांसाठी उघडलं, आणि पुस्तकं अनोळखी लोकांच्या घरी फुकट जाऊ लागली. ती परत कशी येणार, ही काळजी रास्तच होती. ब्रिटनमध्ये स्थानिक कर भरणारा जामीन मागत. दिवसाला एक-दोन सेंटांचा दंड हाही त्याच काळजीतून आलेला उपाय. त्यात कमाईचा हेतू फारसा नव्हता.

पुढे दर वाढत गेले. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये ते दिवसाला ५० सेंटांवर पोचले. आई तीन मुलांसाठी दहा-बारा पुस्तकं नेते, आठवडाभर उशीर होतो, आणि चाळीस डॉलरच्या आसपास दंड होतो. मग ती पुस्तकंही परत देत नाही आणि स्वतःही येत नाही. २०१६ पर्यंत त्या शहरात थकलेल्या दंडाची रक्कम ६८ लाख डॉलर झाली होती.

ग्रंथपालांना हे दिसत नव्हतं असं नाही. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९९० मध्येच गरिबांसाठीच्या सेवांचं धोरण ठरवताना शुल्क आणि दंड हे अडथळे म्हणून नोंदवले होते. पण ते बराच काळ कागदावरच राहिलं. दंड नसेल तर लोकांना शिस्त कशी लागणार, हा प्रश्न कुणी ना कुणी विचारायचंच. जानेवारी २०१९ मध्ये संघटनेने दंड हा सामाजिक विषमतेचाच प्रकार असल्याचा ठराव केला. त्याच महिन्यात आयर्लंडने देशभर दंड बंद केला.

सर्वांत बोलका अनुभव शिकागोचा. तिथे दंड दहा डॉलरवर गेला की कार्ड गोठायचं. शहराच्या दक्षिण भागात तीनपैकी एका सभासदाला पुस्तक नेता येत नव्हतं. उत्तरेला हेच प्रमाण सहापैकी एक. गोठलेल्या कार्डांपैकी जवळपास पाचातलं एक चौदा वर्षांखालच्या मुलाचं होतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये दंड रद्द झाला आणि जुनी थकबाकीही पुसली गेली. तीन आठवड्यांत परत येणाऱ्या पुस्तकांचं प्रमाण २४० टक्क्यांनी वाढल्याचं ग्रंथालयाने सांगितलं.

एक विसंगती तेव्हा कमी बोलली गेली. ई-पुस्तक मुदत संपली की आपोआप परत जातं, त्यावर उशिराचा दंड लागूच शकत नाही. म्हणजे घरी टॅबलेट असलेला वाचक सुटला, छापील पुस्तक नेणारा अडकला.

मग कोविडची साथ आली. मार्च २०२० मध्ये इमारतीच बंद झाल्यावर दंड कुणाकडून घेणार? अनेक ठिकाणी वसुली थांबली. न्यूयॉर्कच्या तिन्ही सार्वजनिक ग्रंथालय संस्थांनी ५ ऑक्टोबर २०२१ रोजी ती कायमची बंद केली. तिथे १५ डॉलरच्या मर्यादेमुळे सुमारे चार लाख कार्डं अडकली होती.

पुस्तक हरवलं तर किंमत मात्र आजही भरावी लागते. न्यूयॉर्कमध्ये मुदतीनंतर साधारण महिनाभराने ते हरवलं असं धरतात आणि किंमत नावावर चढते. नंतर पुस्तक परत आणून दिलं, की ती रक्कम खात्यातून काढून टाकतात.